ब्युटेनचा रेणू संगणकात: पिळाच्या कोनापासून बाष्पीभवनाच्या एन्थाल्पीपर्यंत

पारदर्शक लायटर उजेडाकडे धरून हलवला की आत पाण्यासारखा द्रव डचमळताना दिसतो. तो मुख्यतः ब्युटेन. त्याचा उत्कलनबिंदू उणे ०.५ अंश सेल्सिअस, म्हणजे खोलीच्या तापमानाला तो वायूच असायला हवा. पण २५ अंशांना त्याचा बाष्पदाब जेमतेम २.४३ बार असतो आणि तेवढा दाब प्लॅस्टिकची डबीसुद्धा सहज पेलते, म्हणून तो आत द्रवरूपात राहतो. स्वयंपाकघरातल्या १४.२ किलोच्या सिलिंडरमध्येही प्रोपेनच्या जोडीला ब्युटेन असतोच.

रेणूंचं मॉडेलिंग शिकायला हा रेणू फार सोयीचा आहे. सरळ साखळीच्या अल्केनांमध्ये कार्बन-साखळीला पीळ पडू शकतो असा हा सर्वांत लहान रेणू. मिथेन, इथेन, प्रोपेनमध्ये कार्बनांचा सांगाडा एकाच आकारात राहतो. चौथा कार्बन आला की मधल्या बंधाभोवती फिरून रेणू ट्रान्स (दोन्ही टोकं विरुद्ध बाजूंना) किंवा गॉश (टोकं एकमेकांकडे वळलेली) असे वेगळे आकार घेतो. या आकारांचं प्रमाण बरोबर आलं नाही, तर पुढे काढलेल्या बाष्पीभवनाच्या एन्थाल्पीवर (द्रवाचा वायू करायला लागणारी उष्णता), उष्माधारकतेवर (तापमान एका अंशाने वाढवायला लागणारी उष्णता) आणि एंट्रॉपीवर (रेणूंच्या विस्कळीतपणाचं माप) विसंबता येत नाही. ब्रुसेल्सच्या रिकार्ट आणि बेलेमान्स यांनी १९७५ साली उत्कलनबिंदूजवळच्या द्रव ब्युटेनचं सिम्युलेशन प्रसिद्ध केलं ते याच रेणूवर. आज तेच काम साध्या लॅपटॉपवर एका दुपारीत होतं.

इथे आपण ट्रॅपी हे फोर्स फील्ड, म्हणजे रेणूंमधल्या ऊर्जेची सूत्रं आणि आकडे यांचा संच, आणि सिम्युलेशन चालवणारं ग्रोमॅक्स हे मोफत सॉफ्टवेअर वापरू. ट्रॅपी मार्टिन आणि सीपमन यांनी १९९८ साली अल्केनांसाठी मांडलं. त्यात हायड्रोजन वेगळे दाखवत नाहीत. प्रत्येक मिथाइल गट हा एक गोळा आणि प्रत्येक मिथिलीन गट हा एक गोळा. त्यामुळे चौदा अणूंचा ब्युटेन चार गोळ्यांचा होतो.

आधी कागदावर

संगणक सुरू करण्याआधी ही पायरी करा. नवशिके ती हमखास गाळतात आणि मग चूक कुठे झाली ते सापडत नाही.

ट्रॅपीमध्ये पिळाची ऊर्जा अशी मिळते:

ऊर्जा = ३५५.०३ × (१ + कॉस फाय) − ६८.१९ × (१ − कॉस २फाय) + ७९१.३२ × (१ + कॉस ३फाय)

उत्तर केल्विनमध्ये येतं. ०.००८३१४५ ने गुणलं की किलोज्यूल प्रति मोल. इथे फाय हा पिळाचा कोन: १८० अंश म्हणजे ट्रान्स, ० अंश म्हणजे सिस, दोन्ही टोकं एकाच बाजूला समोरासमोर. आता एकेक कोन घालून बघा. १८० अंशांना तिन्ही पदं शून्य होतात, म्हणून ट्रान्सची ऊर्जा शून्य. १२० अंशांना १६५८ केल्विन, म्हणजे १३.८ किलोज्यूल: ही ट्रान्स आणि गॉश यांच्यामधली टेकडी. ० अंशाला २२९३ केल्विन, म्हणजे १९.१ किलोज्यूल. गॉशचा तळ नेमका ६० अंशांवर नाही, तो ६३.५ अंशांच्या आसपास आहे आणि तिथे ऊर्जा ४१७.६ केल्विन, म्हणजे ३.४७ किलोज्यूल येते.

गॉश दोन आहेत, एक उजव्या पिळाचा आणि एक डाव्या. म्हणून २७२.६५ केल्विनला गॉश आणि ट्रान्स यांचं गुणोत्तर २ × घातांक(−४१७.६ ÷ २७२.६५), म्हणजे ०.४३२ (घातांक म्हणजे ई या संख्येचा कंसातला घात). गॉश सुमारे ३० टक्के, ट्रान्स ७० टक्के. हाच हिशेब २९८ केल्विनला केला तर गॉश ३३ टक्के येतो, २०० केल्विनला २० टक्के. हे आकडे वहीत लिहून ठेवा. सिम्युलेशन संपल्यावर पहिली तपासणी यांच्याशीच करायची आहे.

टोपॉलॉजी फाइल

रेणूचं वर्णन आणि फोर्स फील्डचे आकडे या फाइलमध्ये लिहायचे. सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून घाई नको.

वस्तुमान: मिथाइल १५.०३५, मिथिलीन १४.०२७. चौघांची बेरीज ५८.१२ च्या जवळ आली पाहिजे. लेनर्ड-जोन्स, म्हणजे न जोडलेल्या गोळ्यांमधलं आकर्षण-अपकर्षण, याचे आकडे मिथाइलसाठी सिग्मा (गोळ्याचा आकार) ०.३७५ नॅनोमीटर आणि एप्सिलॉन (आकर्षणाची खोली) ९८ केल्विन, मिथिलीनसाठी ०.३९५ आणि ४६. ग्रोमॅक्सला एप्सिलॉन किलोज्यूलमध्ये लागतं, म्हणून अनुक्रमे ०.८१४८ आणि ०.३८२५ लिहा. विद्युतभार सगळीकडे शून्य.

बंधाची लांबी ०.१५४ नॅनोमीटर आणि ती पक्की. म्हणून बंधांना स्प्रिंग न लावता कन्स्ट्रेंट, म्हणजे लांबी बदलू न देणारी बंधनं, लावायचे. कन्स्ट्रेंट पाळण्याची शेक ही पद्धत १९७७ साली अल्केनांच्याच सिम्युलेशनसाठी पुढे आली. ग्रोमॅक्समध्ये त्याच कामाला लिंक्स ही पद्धत पुरते. बंधकोन ११४ अंश, स्थिरांक ६२५०० केल्विन प्रति रेडियन वर्ग, म्हणजे ५१९.६५ किलोज्यूल. ग्रोमॅक्सच्या सूत्रात पुढे ½ आहे आणि ट्रॅपीच्या सूत्रातही आहे, म्हणून आकडा तसाच जातो. लॅम्प्स हे दुसरं सिम्युलेशन सॉफ्टवेअर वापरत असाल तर तिथल्या सूत्रात ½ नाही. तिथे निम्मा आकडा द्या, म्हणजे ६२.१ किलोकॅलरी.

पिळासाठी ग्रोमॅक्सचा पाचव्या प्रकारचा, फूरिए डायहेड्रल (डायहेड्रल म्हणजे पिळाचा कोन) घ्या. याच्या सूत्रात पुढे ½ आहे, पण ट्रॅपीच्या पिळाच्या सूत्रात नाही. म्हणून वरचे तिन्ही आकडे दुप्पट करून किलोज्यूलमध्ये लिहायचे: ५.९०३८, −१.१३३९, १३.१५८८. तिसऱ्या प्रकारचा, म्हणजे रिकार्ट-बेलेमान्स डायहेड्रल निवडलात तर त्यात ट्रान्सला शून्य अंश धरतात हे पक्कं लक्षात ठेवा. कोनाच्या मोजमापातला हा १८० अंशांचा फरक विसरला तर रेणूची सर्वांत सुखाची जागा सिस होऊन बसते.

फाइलच्या सुरुवातीच्या डिफॉल्ट ओळीत कॉम्बिनेशन रूल, म्हणजे दोन वेगळ्या गोळ्यांचे आकडे एकत्र कसे करायचे तो नियम, २ ठेवा. तीन ठेवलात तर ब्युटेनमध्ये फरक जाणवणारही नाही, कारण ०.३७५ आणि ०.३९५ यांची सरासरी ०.३८५ येते आणि भूमितीय मध्य ०.३८४९. पण एक ठेवलात तर सिग्मा-एप्सिलॉनच्या जागी वेगळेच स्थिरांक समजून आकडे वाचले जातात आणि सगळंच बिघडतं.

शेवटचा मुद्दा वगळण्याच्या संख्येचा, म्हणजे किती बंधांपर्यंतच्या गोळ्यांमधली लेनर्ड-जोन्स मोजायची नाही त्या आकड्याचा. ती ३ असली पाहिजे आणि पेअर्सचा (वेगळ्या मोजायच्या जोड्यांचा) विभाग रिकामा. ट्रॅपीमध्ये पहिल्या आणि चौथ्या गोळ्यामधली लेनर्ड-जोन्स मोजायची नसते, कारण तो परिणाम पिळाच्या सूत्रातच धरलेला आहे. चुकून २ लिहिलं तर काय होतं ते बघा: गॉश आकारात दोन्ही टोकं ०.३१६ नॅनोमीटर अंतरावर येतात आणि तिथली अपकर्षणाची ऊर्जा तब्बल १६ किलोज्यूल भरते. गॉश जवळपास नाहीसाच होतो.

रेणू आणि बॉक्स

ट्रान्स ब्युटेनचा सांगाडा हाताने लिहिता येतो. झेड अक्ष शून्य ठेवून चार गोळे नॅनोमीटरमध्ये असे मांडा: (०, ०), (०.१२९, ०.०८४), (०.२५८, ०), (०.३८७, ०.०८४). नागमोडी रेघ दिसली की बरोबर.

आता ५१२ रेणू घ्या. द्रव ब्युटेनची घनता उत्कलनबिंदूला ६०१ किलो प्रति घनमीटर असते. त्या हिशेबाने ५१२ रेणूंना ८२.२ घननॅनोमीटर जागा लागते, म्हणजे ४.३५ नॅनोमीटर बाजूचा घन. त्याचा अर्धा २.१७, आपल्या १.४ नॅनोमीटरच्या कटऑफपेक्षा (ज्या अंतरापलीकडे लेनर्ड-जोन्स मोजत नाहीत त्यापेक्षा) चांगला मोठा आहे. १०० रेणू घेतलेत तर बाजू २.५ नॅनोमीटरच उरते आणि १.४ चा कटऑफ त्यात बसत नाही, ग्रोमॅक्स लगेच तक्रार करतो.

पण थेट ४.३५ च्या बॉक्समध्ये रेणू कोंबायला जाऊ नका. ५.५ नॅनोमीटरचा बॉक्स घेऊन इन्सर्ट मॉलिक्यूल्स या आदेशाने भरा. घनता निम्म्याने कमी राहते आणि रेणू एकमेकांत घुसत नाहीत. आदेश संपल्यावर शेवटची ओळ वाचा. कधी कधी ५१२ मागितले असताना ४९० च बसतात. टोपॉलॉजीत ५१२ आणि बॉक्समध्ये ४९० असा प्रकार झाला तर पुढची पायरी चालणारच नाही. प्रयत्नांची संख्या वाढवून पुन्हा भरा.

चालवणं

ऊर्जा कमी करणारी मिनिमायझेशन आधी, साधारण हजार पावलं. त्यानंतर २७२.६५ केल्विनला, पण १०० बार दाबाखाली १०० पिकोसेकंद. हा दाब फक्त विरळ बॉक्स आवळून द्रव करण्यासाठी. थेट १ बारवर सोडलंत तर बॉक्सच्या मधोमध पोकळी धरून बसू शकते. द्रव झाला की दाब १.०१३ बार करा, १ नॅनोसेकंद स्थिर होऊ द्या आणि त्यापुढच्या ५ नॅनोसेकंदांतून मोजमापं घ्या.

पाऊल २ फेम्टोसेकंदांचं. तापमान राखण्यासाठी व्ही-रिस्केल ही पद्धत, वेळ १ पिकोसेकंद. दाब राखण्यासाठी सी-रिस्केल, वेळ ३ पिकोसेकंद. जुन्या ट्यूटोरियलमध्ये दाबासाठी पॅरिनेलो-रहमान दिलेला असतो. तो मोजमापाच्या वेळी चांगला आहे, पण सुरुवातीच्या विरळ बॉक्सला लावला की बॉक्स आत-बाहेर जोरात झुलतो आणि रन कोसळतो. संपीड्यतेच्या जागी पाण्याचा ४.५ × १०⁻⁵ हा आकडा कॉपी झालेला दिसतो. ब्युटेन पाण्यापेक्षा बराच दबणारा आहे, २ × १०⁻⁴ प्रति बार ठेवा. याने सरासरी घनता बदलत नाही, बॉक्स किती चपळाईने हलतो तेवढं बदलतं.

कटऑफ १.४ नॅनोमीटर आणि डिस्पर्शन करेक्शन (कटऑफच्या पलीकडल्या आकर्षणाची भरपाई) ऊर्जा व दाब दोन्हींसाठी चालू. याचं महत्त्व आकड्यात सांगतो. कटऑफच्या पलीकडलं आकर्षण सोडून दिलं तर द्रव ब्युटेनमध्ये दाबाचा हिशेब सुमारे ११५ बारने चुकतो. कटऑफ ०.९ केला तर तीच चूक ४३५ बार. १.४ च्या कटऑफला ऊर्जेतही प्रत्येक मोलमागे ०.५६ किलोज्यूल जातात. करेक्शन बंद राहिलं की घनता कमी येते. मग माणूस फोर्स फील्डला दोष देतो.

पहिली तपासणी: पीळ

ट्राजेक्टरीतून, म्हणजे रनमध्ये नोंदलेल्या रेणूंच्या जागांतून, सगळ्या ५१२ रेणूंच्या डायहेड्रल कोनांचा हिस्टोग्राम काढा. १८० जवळ एक उंच शिखर आणि अधिक-उणे ६४ जवळ दोन सारख्या उंचीची लहान शिखरं दिसली पाहिजेत. १२० अंशांच्या आतले रेणू गॉश धरून मोजले तर प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास यावं. द्रवात शेजाऱ्यांच्या दाबामुळे ते एखाद-दोन टक्के इकडेतिकडे होतं.

प्रमाण चुकलं तर ते किती चुकलं यावरून दोष ओळखता येतो. गॉश ४८ टक्क्यांच्या आसपास: फूरिएचे आकडे दुप्पट करायचे राहिले, त्यामुळे ऊर्जेतला फरक निम्मा झाला. गॉश जवळजवळ शून्य आणि सगळे ट्रान्स: एक-चारची लेनर्ड-जोन्स मोजली जाते आहे. शिखर ० अंशाला: कोनाचं मोजमाप उलटं. दोन गॉश शिखरांची उंची वेगळी: रन फार छोटा झाला.

शेवटचा मुद्दा जरा उलगडतो. १३.८ किलोज्यूलची टेकडी ओलांडायला एका रेणूला दहांच्या घरातले पिकोसेकंद लागतात. ५१२ रेणू एकत्र असताना एका नॅनोसेकंदात हजारो उड्या होतात आणि सरासरी छान बसते. पण एकटा रेणू १०० पिकोसेकंद चालवला तर तो एक-दोनदाच उडी मारेल, किंवा मारणारही नाही. म्हणून एकट्या रेणूचा रन नेहमी लांब हवा.

घनता आणि बाष्पीभवनाची एन्थाल्पी

घनता ६०१ च्या एक-दोन टक्क्यांत आली की समाधान माना. त्रुटी काढताना सगळे नमुने स्वतंत्र समजू नका. ५ नॅनोसेकंदांचे पाच तुकडे करा, प्रत्येकाची सरासरी घ्या आणि त्या पाच सरासऱ्यांमधला विखुरलेपणा बघा.

एन्थाल्पीसाठी दुसरा रन लागतो: एकच रेणू, त्याच तापमानाला, मोठ्या बॉक्समध्ये, डिस्पर्शन करेक्शन बंद. एकट्या रेणूला व्ही-रिस्केल लावू नका, कारण ऊर्जा कोन आणि पीळ यांच्यात नीट वाटली जात नाही. एसडी इंटिग्रेटर (रेणूला सतत यादृच्छिक धक्के देऊन तापमान राखणारी पद्धत) वापरा, १ पिकोसेकंद वेळ ठेवा आणि ५० नॅनोसेकंद चालवा. चार गोळ्यांचा हिशेब असल्याने वेळ फारसा लागत नाही. मग:

बाष्पीभवनाची एन्थाल्पी = वायूची स्थितिज ऊर्जा − द्रवाची स्थितिज ऊर्जा ÷ ५१२ + आर × तापमान

आर हा वायुस्थिरांक; २७२.६५ केल्विनला आर × तापमान २.२७ किलोज्यूल होतं. प्रयोगातलं उत्तर २२.४ किलोज्यूल प्रति मोल आहे, म्हणजे ऊर्जांमधला फरक २० च्या आसपास अपेक्षित आहे. तुमचं उत्तर २१ ते २३ मध्ये बसलं तर गाडी रुळावर आहे. उत्तर दहा हजारांत आलं तर ५१२ ने भागायचं राहिलं. ते अर्ध्या किलोज्यूलने कमी आलं तर आधी डिस्पर्शन करेक्शन बघा. ट्रॅपी बाष्पदाब थोडा जास्त दाखवतं ही त्याची माहीत असलेली खोड आहे, त्यामुळे थोडं कमी उत्तर हा तुमचा दोष असेलच असं नाही.

आणखी दोन-तीन तापमानांना हाच रन केला की प्रसरणांक मिळतो. २९८ केल्विनला दाब १ बार ठेवू नका, तिथे ब्युटेनला वायू व्हायचं असतं आणि द्रव केवळ तग धरून असतो. ५ बार ठेवा. प्रयोगातली घनता तिथे सुमारे ५७३ आहे. २७२.६५ ते २९८ च्या उतारावरून प्रसरणांक ०.००१९ प्रति केल्विनच्या आसपास निघतो. बाष्पदाब मात्र या बॉक्समधून मिळणार नाही. त्यासाठी द्रवाची वडी लांब बॉक्सच्या मधोमध ठेवून दोन्ही बाजूंना वायू ठेवावा लागतो, किंवा गिब्स एन्सेम्बल मॉन्टे कार्लो, म्हणजे द्रव आणि वायू दोन वेगळ्या बॉक्समध्ये ठेवणारं सिम्युलेशन, करावं लागतं. वडीच्या रनमध्ये साधं डिस्पर्शन करेक्शन चालत नाही, कारण घनता सगळीकडे सारखी नसते.

उष्माधारकतेचा सापळा

वायुरूप ब्युटेनची स्थिर दाबाची उष्माधारकता २९८ केल्विनला ९८.५ ज्यूल प्रति मोल प्रति केल्विन आहे. आपल्या एकट्या रेणूच्या रनमधून ती काढायला गेलात तर ६२ च्या आसपास उत्तर येईल. कारण सरळ आहे: चार गोळे आणि तीन पक्के बंध मिळून नऊच स्वातंत्र्यं उरतात, हायड्रोजनांची कंपनं मॉडेलमध्ये नाहीतच. मग सगळे चौदा अणू घेऊन चालवावं असं वाटेल. तसं केलं तर चूक उलट्या बाजूला जाते. रेणूला ३६ कंपनं आहेत आणि अभिजात यामिकी प्रत्येकाला पूर्ण वाटा देते, त्यामुळे उत्तर ३३० च्या वर जातं. खऱ्या रेणूत कार्बन-हायड्रोजनची ताणकंपनं खोलीच्या तापमानाला गोठलेलीच असतात.

म्हणून वायूच्या उष्माधारकतेसाठी आणि एंट्रॉपीसाठी क्वांटम हिशेब लागतो. ऑर्का किंवा साय-फोर या क्वांटम रसायनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रान्स आणि गॉश दोन्ही आकार वेगवेगळे ऑप्टिमाइझ करा, कंपनांच्या वारंवारता काढा आणि प्रमाणानुसार बेरीज करा. बी-थ्री-एल-वाय-पी ही हिशेबाची पद्धत साधीच घेतलीत तर गॉशची ऊर्जा जास्त येते, कारण त्यात दोन टोकांमधलं डिस्पर्शनचं आकर्षण नसतं. ते आकर्षण धरणारी डी-थ्री दुरुस्ती जोडा. वायूतल्या प्रयोगांत हा फरक सुमारे २.८ किलोज्यूल मिळतो, ट्रॅपीच्या ३.४७ पेक्षा कमी.

बेरीज करताना दोन गोष्टी हमखास निसटतात. गॉश दोन आहेत, त्यामुळे गॉशच्या वाट्यात दोनचा गुणक हवा. एकच धरला तर गॉशची एंट्रॉपी ५.७६ ज्यूलने कमी भरते. ट्रान्स आणि गॉश दोघांचाही सममिती अंक (फिरवल्यावर रेणू जितक्या स्थितींत तसाच दिसतो ती संख्या) २ आहे. सॉफ्टवेअरने गॉशला सममिती नाही असं समजून १ घातला तर तेवढाच घोटाळा उलट्या दिशेने होतो. म्हणून निकालाच्या फाइलमध्ये तो अंक प्रत्यक्ष शोधून बघा. मधल्या बंधाचं पिळकंपन १२० प्रति सेंटिमीटरच्या आसपास असतं. ते हार्मोनिक धरणं हा ढोबळ अंदाज आहे. नेमकं उत्तर हवं असेल तर १० अंशांच्या पावलांनी पीळ फिरवून ऊर्जेचा आलेख काढा आणि त्यावर अडखळत्या फिरणाऱ्या रोटरचं गणित सोडवा. एंट्रॉपी ३१० ज्यूलच्या दोन-तीन ज्यूल आत आली पाहिजे. आकारांच्या मिश्रणाचा त्यातला वाटा साधारण ७ ज्यूल आहे, उष्माधारकतेतला ३.६. पहिल्याच पानावर वहीत लिहिलेल्या ३३ टक्क्यांवरून हे दोन्ही आकडे हाताने काढता येतात.

द्रवाची उष्माधारकता हवी असेल तर सिम्युलेशनमधून फक्त रेणूंच्या आपसातल्या ऊर्जेचा तापमानाबरोबर होणारा बदल घ्या आणि त्यात क्वांटम हिशेबातली वायूची किंमत मिळवा. त्याआधी वायूच्या उष्माधारकतेतून आर, म्हणजे ८.३१ ज्यूल, वजा करायला विसरू नका.